सुवेर आहे, नंतर या

बाळ घरी आलं की मुंबईतल्या घराचं दार नावापुरतंच बंद असतं. शेजारच्या काकू वाटीवर झाकण ठेवून शिरा घेऊन येतात. विरारची आत्या "पटकन बघून जाते" म्हणत येते आणि दोन्ही वेळचं जेवून जाते. मालिशवाली बाई तर घरचीच. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी शनिवार गाठून येतात, बाळ कुणावर गेलंय यावर वाद घालतात आणि चहा पिऊन उठतात. तृतीयपंथीयांना बारशाआधीच पत्ता कसा लागतो, हे कोडं आमच्या लालबाग-काळाचौकीत अजून कुणाला सुटलेलं नाही. यांतल्या एकालाही "आज नको, बाळंतीण झोपलीय" म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. म्हटलंच तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

एकच बाई अशी येते, जिला दारातून परत पाठवलं तरी कुणाचा मान दुखावत नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून घरोघर येणारी आशा सेविका, म्हणजे आशाताई. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, वजनकाटा, थर्मामीटर. आल्यागेल्या सगळ्यांत बाळ-बाळंतिणीकडे खरोखर काम असलेली ही एकटीच, आणि नकार ऐकणारीही एकटीच.

नकार देऊच नये, अशा मताची मी नाही. मी स्वतः दिलाय आणि आजही तो मला बरोबर वाटतो. पण तो द्यायला दारात उभं कोण असतं, हे मात्र बघण्यासारखं आहे.

आमची इमारत म्हणजे पूर्वीची चाळ. पुनर्विकासात तिच्या दोन विंग झाल्या, एक जुन्या भाडेकरूंची आणि एक विक्रीची. आम्ही जुन्या भाडेकरूंत. तीनशे चौरस फुटांचं घर, बाहेरची खोली, आतली खोली आणि मध्ये ओटा. सासूबाई मालवणकडच्या, लग्न होऊन चाळीत आल्या त्या इथेच. माझं माहेर चिपळूणचं, पण डॉक्टर परळचे आणि सिझेरियनची शक्यता त्यांनी आधीच बोलून दाखवलेली. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी माहेरी गेले नाही, आईच इकडे आली. तीनशे चौरस फुटांत दोन आज्या, एक गोंधळलेला बाप, टाक्यांनी वाकलेली मी आणि एक मुलगी.

पहिल्याच आठवड्यात बेल वाजली. दार सासूबाईंनी उघडलं. "बाळाला बघायला आले मावशी. वजन घेते नि जाते," बाहेरून आवाज आला. सासूबाई तिला चाळीच्या दिवसांपासून ओळखतात. पोलिओच्या डोसाला हीच, करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या तपासणीला ताप मोजायला आली तीही हीच. तरी म्हणाल्या, "सुवेर आसा गे. बारा दीस जांव देत, मगे ये." सुवेर म्हणजे सोयर, बाळ जन्मल्यावर घराला लागणारा विटाळ.

आतून ऐकताना मला हायसं वाटलं. माझं कारण सुवेराचं नव्हतं. टाके ओढत होते, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, छाती दगडासारखी झाली होती आणि आता एक बाई येऊन प्रश्न विचारणार, उत्तरं लिहून घेणार, हे काही त्या दुपारी झेपणारं नव्हतं. मीही आतूनच म्हटलं, "आज नको हो ताई."

रजिस्टरमध्ये बहुधा एकच शेरा पडला असेल. प्रत्यक्षात नकार दोन होते. सासूबाईंचा बारा दिवसांचा होता, माझा त्या दुपारपुरता.

सुवेराचीही गंमत असते. ते आत्याला लागत नाही, कारण ती भावकीतली. मालिशवालीला लागत नाही, कारण तिच्यावाचून अडतं. शेजारच्या काकूंना लागत नाही, कारण "शहरात कोण एवढं पाळतं?" सुवेर लागतं ते वजनकाटा घेऊन आलेल्या बाईला. मी हे सासूबाईंना पुढे कधीतरी विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, पण खरं कारण आईच्या आणि त्यांच्या लगबगीवरून मला कळलंच होतं. आशाताई येणार म्हटलं की घराची वेगळीच आवराआवर सुरू होते. बाळगुटीची सहाण ओट्याखाली जाते. मधाची बाटली फडताळात मागे सरकते. बाळाच्या डोळ्यांतलं काजळ ओल्या कापसानं पुसलं जातं, तीट तेवढी राहते. शेगडी गॅलरीत जाते. धुरीचा ओवा-वावडिंगाचा वास मात्र काही केल्या लपत नाही. एरवी एकमेकींच्या अळिवाच्या लाडवांना नावं ठेवणाऱ्या दोन्ही आज्यांची या आवराआवरीत मात्र अशी युती होते की बघत राहावं. शाळेत इन्स्पेक्टर यायच्या दिवशी आमच्या बाई जसा फळा पुसायच्या, अगदी तसं.

त्यांची भीती निराधार नाही. आशाताई मध चाटवू नका म्हणते, काजळ घालू नका म्हणते, कानात-नाकात तेल सोडू नका म्हणते, आणि ते बरोबरच आहे. मधातून बाळाला बोट्युलिझमसारखं गंभीर आजारपण येऊ शकतं, वर्षाच्या आत मध देऊच नये. पण हे सांगण्याचाही एक सूर असतो. ज्या बाईनं पाच नातवंडांच्या टाळूला तेल भरलं, तिला सुनेसमोर "आजी, असं करायचं नसतं" म्हटलं की ती पुढच्या वेळी दार उघडताना विचार करणारच. सासूबाईंचा सुवेराचा बहाणा मला तेव्हापासून कळू शकतो.

फक्त दिवसांचा हिशेब फार वाईट जुळतो. २०११पासून देशभर चालणाऱ्या नवजात बालकांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात, ज्याला सगळ्या सेविका 'एचबीएनसी' म्हणतात, भेटींचे दिवस ठरलेले आहेत. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे आशानं जायचं ते ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पार पडल्या की तिला त्याचे २५० रुपये मिळतात. आता हे दिवस आपल्या कालनिर्णयावर मांडून बघा. तिसरा आणि सातवा सुवेरात गेले, मध्ये पाचवीची पूजा. बाराव्याला बारसं, म्हणून चौदाव्याला बाळंतीण पाहुण्यांच्या थकव्यात आडवी. पुढे सव्वा महिना झाला की माहेरची सासरी, सासरची माहेरी. बाळंतपणाला गावी गेलेलीच्या नावापुढे इथल्या रजिस्टरमध्ये 'गावी गेली' असा शेरा. गावच्या आशाकडे तिचं नाव नसतं, कारण नोंदणी मुंबईची. कोकणातली आणि घाटावरची किती बाळं अशी दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत आपला पहिला महिना काढत असतील!

नवजात बाळांचे जे मृत्यू होतात, त्यांतले तीन चतुर्थांशाच्या आसपास पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणूनच ते तिसरा आणि सातवा दिवस. बाळ अंगावर ओढत नाही, थंड पडलंय, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेतंय, श्वास घेताना छाती आत जातेय, तळपायापर्यंत पिवळं झालंय, या खुणा आशाला शिकवलेल्या असतात. आणि पहिल्या बाळाच्या वेळी यांतली एकही आईला आपसूक कळत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना हे सगळं शिकवून घरोघरी पाठवलं. त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि देशाचा कार्यक्रम पुढे उभा राहिला तो या कामाच्या आधारावर. त्या बायका गावातल्याच होत्या. सुवेर, शेगडी, देवऋषी, सगळं ठाऊक असलेल्या. वाद घालत बसल्या नसाव्यात, बाळाजवळ पोचल्या.

आमची आशाताईसुद्धा वादात पडत नाही. ती पुन्हा आली तेव्हा सुवेर फिटलेलं होतं आणि दार मी उघडलं. तिनं आधी बेसिनशी जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, आणि टॉवेलला न पुसता तसेच वर धरून वाळू दिले. सासूबाई बघत होत्या. मग बाळाला घेऊन ती खिडकीशी गेली. आमच्या खिडकीसमोर विक्रीच्या विंगची भिंत आहे, त्यामुळे भर दुपारी आमच्याकडे ट्यूब लागते. ती म्हणाली, "ट्यूबच्या उजेडात पिवळेपणा कळत नाही हो, जरा पडदा पूर्ण काढा." बाळाच्या कपाळावर, मग छातीवर बोटानं हलकं दाबून तिनं बघितलं, पाय उघडे करून तळवे बघितले. आईनं विचारलं, "ऊन दाखवू का रोज?" "दाखवायला ऊन आहे कुठे काकी तुमच्याकडे?" ती हसत म्हणाली. "पिवळेपणा वाढला तर उन्हावर थांबू नका, डॉक्टरला दाखवा."

मग वजन. काटा हातात धरून लोंबकळता, खाली कापडाची झोळी. तिनं दोघी आज्यांकडे बघून म्हटलं, "बाळाचे कपडे काढायचेत, वारा लागेल. आतली खोली जरा लावून घेते हं, पाच मिनिटं." आणि दार लावलं.

ही युक्ती आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पुढे एकदा तिनंच हसून कबूल केलं. तीनशे चौरस फुटांत बाळंतिणीशी एकटीनं बोलायचं तर वाऱ्याचं निमित्त लागतं. दार लागल्यावर तिनं वजन घेतलं, लिहिलं आणि मग रजिस्टर मिटून विचारलं, "पाजताना दुखतं का?"

दुखत होतं. इतकं की बाळ रडायला लागलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बाहेर बसलेल्या दोघी आधीच "दूध कमी पडतंय, वरचं चालू करू" या मुक्कामाला येऊन पोचल्या होत्या. दुखतं म्हटलं असतं तर डब्यातलं दूध त्याच संध्याकाळी आलं असतं. आशाताई म्हणाली, "पाजून दाखवा." दाखवलं. तिनं एक बोट बाळाच्या हनुवटीवर ठेवलं. "हिच्या तोंडात नुसतं टोक जातंय. म्हणून तुमचं फाटतंय आणि तिचं पोट भरत नाही. तोंड मोठं उघडू द्या, जांभई देतात तसं. मग एकदम जवळ घ्या. तिची हनुवटी तुम्हाला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे." दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बाळानं असं काही धरलं की दुखणं एकदम निम्म्यावर आलं आणि गुटूक गुटूक गिळण्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी रडायला लागले. तिनं पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही, थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "झोपायला कोण देतं तुम्हाला? रात्री एकदा तरी बाबा उठतो का?" हे तिच्या फॉर्मवर नसतं. फॉर्मवर आईसाठी ताप, रक्तस्राव, घाण वास, फीट, दूध हे असतं. बाबाचा रकाना मी तरी पाहिला नाही.

बाहेर आल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "दूध भरपूर आहे मावशी. धरायला शिकली आता नात." बस्स. सहाणेकडे तिनं बघितलंच नाही, आणि मध आपोआप बंद झाला, कारण सासूबाईंनीच तिला विचारलं. विचारलं म्हणून सांगितलं.

आता विक्रीच्या विंगची गोष्ट. आमच्या दोन्ही विंगांना मिळून बाग एकच आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळी बाबागाड्या एकत्र येतात. तिथली एक आई माझ्या मुलीहून महिनाभरानं लहान बाळ घेऊन यायची. तिच्याकडे स्तनपान सल्लागार घरी येऊन गेली होती. एका भेटीची फी ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी सहज विचारलं, "आशाताई नाही आली तुमच्याकडे?" तिला आशाताई असतात हेच माहीत नव्हतं. पुढे कळलं ते असं. आशाताई गेटवर गेली, वॉचमननं इंटरकॉम लावला, नवऱ्यानं उचलला आणि "आमचं प्रायव्हेट आहे, गरज नाही" म्हणून ठेवला. त्यात त्याची चूक काय? समोरून कुणी विचारलं तर तो बाळाच्या लसींबद्दल विचार करतो, आणि लसी खरंच खासगी डॉक्टरकडे चालू होत्या. पण बाळंतीण ती, आणि तिच्यापर्यंत प्रश्नच पोचला नाही. पोचला असता तर तिनंही नाहीच म्हटलं असतं, असं ती स्वतः म्हणाली. ते चाललं असतं. विचारलं तर पाहिजे ना.

पल्स पोलिओच्या मोहिमेत घरांच्या भिंतीवर खडूनं खूण करायची पद्धत आहे. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर 'पी' आणि जिथलं मूल राहिलं तिथे फुली. आमच्या जुन्या चाळीच्या चौकटी अशा खुणांनी भरलेल्या असायच्या, दिवाळीला रंग काढला तरी पुढच्या मोहिमेत परत. टॉवरच्या लॅमिनेट लावलेल्या दारावर कोण खडू ओढू देणार? आणि फुली मारलीच, तर ती कुणाच्या नावानं मारायची, वॉचमनच्या, नवऱ्याच्या की आईच्या?

आमच्याकडे भांडी घासायला येणारी मुलगी शिवडीकडे राहते. तिच्या पहिल्या बाळाच्या वेळी तिच्या दारातसुद्धा सेविका यायची. मी तिला विचारलं, "तुला कधी नको वाटलं तर?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की प्रश्नच चुकीचा होता. नको कसं म्हणणार? बाळंतपण सरकारी प्रसूतिगृहात, बाळाचं कार्ड तिथलं, लसी तिथल्या. जननी सुरक्षा योजनेचे शहरात मिळणारे ६०० रुपये, मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे पाच हजार, या सगळ्याचे कागद त्याच बाईच्या हातून जातात. कायद्यानं तिलाही नकाराचा तेवढाच अधिकार आहे. पण पैसे अडले तर, पुढच्या वेळी रांगेत मागे ढकललं तर, या भीतीनं ती दार उघडते. शिवाय सेविका त्याच वस्तीतली. चांगलं म्हणजे तिला सगळं माहीत असतं, आणि वाईट म्हणजेही हेच. नळावर काय बोललं जाईल याचा हिशेब करून ही मुलगी उत्तरं द्यायची. नवरा पितो का, मारतो का, यावर "नाही ताई, बरं चाललंय." तिचं "या ना ताई" हेही पूर्ण तिचं नव्हतं.

या सगळ्याला या शहरात जुना इतिहास आहे. आम्ही राहतो तिथून आर्थर रोड हाकेच्या अंतरावर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रोग्यांना घरातून उचलून तिथल्या इस्पितळात नेऊ लागले. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. आज तेच कस्तुरबा रुग्णालय. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरात शिरून झडती घ्यायची मुभा मिळाली. मार्च १८९८ मध्ये जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला बघायला गेलं आणि त्यावरून दंगल पेटली. पथकाला प्लेग शोधायचा होता, घरच्यांना परक्या पुरुषानं मुलीला हात लावायला नको होता. त्या मुलीला काय हवं होतं, हे दोन्हींकडच्या कागदांत कुठे असेल असं मला वाटत नाही.

नंतरचा काळ आणीबाणीचा. १९७६ मध्ये महाराष्ट्रानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, पण 'आरोग्य खात्याची माणसं आली' म्हटलं की पुरुष शेताकडे पळायचे, हे माझ्या वडिलांच्या पिढीनं पाहिलंय. मुंबईतली आरोग्य केंद्रं उभी राहिली तीही १९८०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या मदतीनं आलेल्या 'भारत लोकसंख्या प्रकल्पा'तून, म्हणजे नावातच लोकसंख्या. त्यामुळे दारात आलेली बाई बाळाचं वजन घेता घेता "पुढचं काय ठरवलंय? कॉपर-टी बसवून घ्या" म्हणते तेव्हा तो प्रश्न एकट्या तिचा नसतो, जुना असतो. मलाही विचारला. टाके ओले असताना. मी हसून टाळला, पण हा प्रश्न पहिल्या भेटीत नको, असं माझं ठाम मत आहे. ज्या भेटीत बाळ नीट ओढतंय का हेच अजून बघायचंय, त्या भेटीत पाळणा लांबवायची घाई कशाला?

माझी मामेबहीण इंग्लंडात, रेडिंगला असते. तिच्याकडे आधी मिडवाइफ आणि मग दहा ते चौदा दिवसांच्या आसपास 'हेल्थ व्हिजिटर' नावाची प्रशिक्षित नर्स घरी आली. त्यांच्याकडे ही पद्धत जुनी, १८६२ मध्ये सॅलफर्डला सुरू झालेली. आता तिथल्या स्थानिक प्रशासनानं गरोदरपणापासून मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत पाच भेटी देऊ करणं बंधनकारक आहे. देऊ करणं बंधनकारक, घेणं नाही. ती म्हणाली, मला नको म्हणता आलं असतं, पण म्हटलं की माझ्याबद्दल कुणी शंका घेईल अशी भीती वाटली, परक्या देशात कोण कुणाला लफडं लावून घेतं? हल्ली तर तिथे हेल्थ व्हिजिटरच कमी झाल्यात, त्यामुळे नकार द्यायलासुद्धा कुणी दारात यायला हवं, असं ती वर म्हणाली. शिवडीतली मुलगी आणि रेडिंगची मामेबहीण एकाच गोष्टीला बिचकत होत्या, याचं मला नवल वाटलं. मग नवल वाटायचं थांबलं.

आमच्या आशाताईला मी विचारलं की परत पाठवलं की काय करता? "परत येते," ती म्हणाली. "भांडण नाही करायचं. दुपारी येऊन बघायचं, सासू झोपलेली असते." तिची एक तक्रार मात्र खरी आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर मोबाइल नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा असतो. ती फोन लावते तो कुणीतरी अंधेरीला ऑफिसात उचलतो, आणि "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवतो. त्याच्या हिशेबानं ठीकच असतं. सकाळी निघताना बाळ झोपलेलं असतं, रात्री येतो तेव्हाही झोपलेलं.

आता आमच्याकडे पुन्हा एक बाळंतपण येतंय. नणंद डोंबिवलीला असते, तारीख गणपतीनंतरची, आणि रीतीप्रमाणे ती इकडे, माहेरी येणार. म्हणजे दार उघडायला परत सासूबाईच. तिनं डोंबिवलीच्या नोंदणीत आमचा पत्ताही लिहवून घेतलाय, इथल्या आशाताईला आधीच कळवलंय आणि कार्डावर नवऱ्याच्या नंबराशेजारी स्वतःचा नंबर घातलाय. सासूबाईंनी बारा दिवसांचा आग्रह सोडलाय, पण दोन अटी घातल्यात. आशाताईनं पाय धुऊन यायचं आणि बाळाला बघताना त्या स्वतः खोलीत बसणार. पहिल्या अटीला कुणाची हरकत नाही. दुसरीला नणंदेनं स्पष्ट नाही म्हटलंय. ती म्हणते, मला बोलायचं असेल तर मी दार लावणार, आणि नको असेल तर तसं मीच सांगणार, तुम्ही नाही. सासूबाईंचं म्हणणं, आईपासून लपवण्यासारखं असतं काय? यावर अजून घरात एकमत झालेलं नाही.